पेठेतला रॅप

आमच्या सोलापूरच्या घरी ‘हमसे है मुक़ाबला’ची कॅसेट आली तेव्हा मी शाळेत होते. ‘मुक़ाबला’ आणि ‘उर्वशी’ ही गाणी तर गल्लीतल्या प्रत्येक वरातीत वाजायची. त्याच कॅसेटवर एक चमत्कारिक गाणं होतं, ‘पट्टी रॅप’. रॅप म्हणजे काय, हे बाबा सैगलमुळे थोडंफार कळलं होतं. पट्टी कसली, हे मात्र कोडं होतं. फूटपट्टी, जखमेची पट्टी, की बाजाच्या पेटीतली काळी पट्टी? माझ्या मोठ्या भावाचं ठाम मत होतं की ही पेटीतलीच, कारण गाणं आहे ना!

पुढे पंधराएक वर्षांनी चेन्नईत राहायला आले आणि बसच्या पाट्यांवरची तमिळ अक्षरं जुळवत बसण्याचा नाद लागला, तेव्हा उलगडा झाला. मूळ गाणं ‘पेट्टै रॅप’ आहे. १९९४ च्या ‘कादलन’मधलं. आणि पेट्टै म्हणजे आपली पेठ. सैदापेट्टै, रायपेट्टै, वण्णारपेट्टै. आमच्याकडे साखर पेठ, शुक्रवार पेठ. तोच शब्द. हिंदीत गाणं नेणाऱ्यांनी नाद जवळपास तसाच ठेवला आणि वस्तीच काढून टाकली. माझ्या व्यवसायात हा गुन्हा रोज घडतो. मीही केला आहे, म्हणून फार आवाज करत नाही.

पण त्या एका शब्दामुळे मला या शहरातल्या रॅपच्या इतिहासाचं टोक सापडलं, असं वाटतं. अमेरिकेतला रॅप मोहल्ल्यात जन्मला आणि मग बाजारात गेला, अशी त्याची गोष्ट सांगतात. चेन्नईत उलटं झालं. इथे रॅप आधी सिनेमात आला, तोही पेठेची भाषा तोंडात घेऊन, आणि पेठेतली माणसं त्याच्यामागून जवळजवळ पाव शतकाने रंगमंचावर आली.

‘पेट्टै रॅप’ गायलं होतं सुरेश पीटर्स, शाहुल हमीद आणि तेनी कुंजरम्माळ यांनी. यातल्या कुंजरम्माळ लोकगीतं गाणाऱ्या, खेड्यातला मोकळा चिरका आवाज लावणाऱ्या बाई. सुरेश पीटर्स मात्र वेगळ्याच घरातून आलेले. ए. आर. रहमान सिनेमात येण्याआधी मद्रासच्या ‘रूट्स’ नावाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवत असत. शिवमणी, जॉन अँथनी आणि सुरेश पीटर्स त्याच बँडमधले. रहमाननी पुढे ‘नेमेसिस ॲव्हेन्यू’ नावाचा रॉक गट काढला. म्हणजे तमिळ सिनेमातलं पहिलं गाजलेलं रॅप गाणं ज्यांनी घडवलं ती मंडळी बँडमध्ये, रॉकच्या संगतीत वाढलेली होती. आज एखादा रॅप गट गिटार हातात घेतो तेव्हा इथले समीक्षक ‘मिश्रण’, ‘प्रयोग’ वगैरे म्हणतात. चेन्नईत मिश्रण पहिल्या दिवसापासून होतं. बाहेर राहिली होती ती तिसरी गोष्ट, गाना.

हा शब्द मराठी वाचकाला फसवा आहे. तमिळमध्ये ‘गाना’ म्हणजे कुठलंही गाणं नव्हे. उत्तर चेन्नईतल्या व्यासरपाडी, पुळियंतोप, रायपुरम या वस्त्यांमधला, मुख्यतः दलित कष्टकऱ्यांचा तो गायनप्रकार. त्याचं मूळ ठिकाण मयताचं घर. कुणी गेलं की रात्रभर प्रेताजवळ बसायचं आणि गाऊन जागवायचं: गेलेल्याची ख्याती, त्याच्या सवयी, त्याच्या बायकोचं पुढे काय होणार हा प्रश्न, मध्येच एखादी फाजील कोटी. या प्रकाराला ‘मरण गाना’ असंच म्हणतात. पुढे तो लग्नात, कॅरमच्या क्लबात, कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या बसमध्ये शिरला. वाद्य नसेल तर बसचा पत्रा.

गानाची भाषा मद्रास बाषै. शिष्ट तमिळ माणूस तिला नाक मुरडतो. मला मात्र चेन्नईत सर्वांत आधी कळली ती हीच. कारण तिच्यात ‘बेजार’ आहे, ‘गलीज’ आहे, ‘नाष्टा’ आहे, ‘डब्बा’, ‘जल्दी’ आणि ‘उषार’ आहे. उषार म्हणजे आपलं हुशार, पण अर्थ ‘सावध’. उर्दू, तेलुगू, इंग्रजी, सगळ्यांचे शब्द बंदरात उतरून या भाषेत राहिले. शुद्ध तमिळचा आग्रह धरणाऱ्या राज्याच्या राजधानीत ही अशी भाषा गेली शंभर-दीडशे वर्षं हमाल, गिरणी कामगार, रिक्षावाले बोलत आले, आणि सिनेमाने ती बहुधा विनोदी पात्रांच्या तोंडी घातली.

गिरणी कामगार हा उल्लेख सहज केलेला नाही. पेरांबूरची बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल म्हणजे मद्रासचं गिरणगाव. १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली ती याच कामगारांच्या जोरावर. १९२१ च्या संपात मात्र कामगारांतच फूट पडली. आदिद्राविड कामगार एका बाजूला, सवर्ण हिंदू आणि मुसलमान कामगार दुसऱ्या बाजूला, आणि पुळियंतोपमध्ये दंगल पेटली. मुंबईच्या गिरणगावाने आपल्याला अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर दिले. लाल झेंडा आणि शाहिरी डफ तिथे एका मंचावर आले. (जात तिथेही होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे.) पुळियंतोपमधली गाणी मात्र वस्तीतच राहिली. त्यांना पक्ष मिळाला नाही, जलसा मिळाला नाही. १९९० च्या दशकात देवा या संगीतकाराने गानाचा ठेका सिनेमात आणला तेव्हा तिला पैसा मिळाला. पण पडद्यावर नाचणारा नायक बहुतेकदा रिक्षावाला नाही तर टपोरी.

रॅपची दुसरी लाट समुद्रापलीकडून आली. मलेशियातला योगी बी हा १९९० च्या दशकात ‘पोएटिक ॲमो’ या गटातून रॅप करणारा. २००६ मध्ये ‘योगी बी अँड नट्चत्र’ या नावाने त्याचा ‘वल्लवन’ हा तमिळ अल्बम आला. नट्चत्र म्हणजे आपलं नक्षत्र, तमिळ जिभेवरून घसरलेलं. त्यातलं ‘मडै तिरंदु’ हे इळयराजांच्या १९८० च्या ‘निळल्गळ’मधल्या गाण्यावर उभं आहे. चेन्नईतल्या पोरांना आपल्याच बापाच्या पिढीचं गाणं क्वालालंपूरहून रॅप होऊन परत मिळालं. मलेशियातल्या तमिळांचे पूर्वज रबराच्या मळ्यांत मजूर म्हणून नेलेले. हे लक्षात ठेवावं, कारण मळा या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मग ‘हिप हॉप तमिळा’, म्हणजे आदी आणि जीवा ही जोडी. २०१२ चा ‘हिप हॉप तमिळन’ हा अल्बम भारतात निघालेला पहिला तमिळ हिप हॉप अल्बम म्हणून सांगितला जातो. लवकरच ही जोडी सिनेमासंगीतात गेली आणि आदी नायकही झाला. यात वाईट काही नाही. चेन्नईत सगळे रस्ते शेवटी कोडंबाक्कमलाच जातात.

इथे जरा न्यूयॉर्कला जाऊन येऊ. रॉक आणि रॅप यांचं लग्न म्हटलं की १९८६ चं ‘वॉक धिस वे’ आठवतं. एरोस्मिथ या रॉक गटाचं १९७५ चं गाणं रन-डीएमसीने निर्माता रिक रुबिनच्या आग्रहाने पुन्हा केलं. त्याच्या व्हिडिओत दोन शेजारी खोल्या आहेत, मध्ये भिंत. एकीकडे गोरे रॉकवाले, दुसरीकडे काळे रॅपवाले, आणि शेवटी भिंत फुटते. ते चित्र इतकं गाजलं की त्यामागचा हिशेब कुणी पाहिला नाही. त्या वेळी उतरती कळा लागली होती ती एरोस्मिथला. भिंत फुटली आणि त्यांचं पुनरागमन झालं.

पंधरा वर्षांनी पाळी उलटली. रन-डीएमसी आता जुने झाले होते. २००१ मध्ये त्यांचा ‘क्राउन रॉयल’ हा अल्बम आला. लिंप बिझकिटचा फ्रेड डर्स्ट, किड रॉक, एव्हरलास्ट, शुगर रे असे त्या काळी खपणारे पाहुणे गाण्यागाण्यात बसवलेले होते. स्वतः डीएमसी फक्त तीन गाण्यांत आहे. त्याचा आवाज बिघडला होता, आणि अल्बम कुठल्या वाटेने न्यावा यावर जोडीदाराशी त्याचं पटत नव्हतं. हा त्यांचा शेवटचा अल्बम ठरला. २००२ च्या ऑक्टोबरात जॅम मास्टर जे याचा क्वीन्समधल्या स्टुडिओत गोळी झाडून खून झाला. मी हा अल्बम अलीकडे पुन्हा ऐकला. तो वाईट आहे असं म्हणणं सोपं आहे, आणि खरंही आहे. पण ऐकताना राग येत नाही, वाईट वाटतं. ज्यांनी दार उघडून दिलं तेच पुढे त्या घरात भाडेकरू म्हणून गेले आणि यजमानांच्या सोयीने बोलू लागले.

गिटार कुणाच्या घरात वाजते, हा प्रश्न मला तिथून मिळाला. तो घेऊन परत चेन्नईला येते.

पा. रंजित या दिग्दर्शकाच्या २०१४ च्या ‘मद्रास’ या चित्रपटाच्या मध्यभागीही एक भिंत आहे. व्यासरपाडीच्या वसाहतीतली, एका पुढाऱ्याचं चित्र रंगवलेली. तिच्यासाठी माणसं मरतात. ही भिंत फुटत नाही; तिच्यावर नवं चित्र रंगवलं जातं. त्याआधी २०१२ च्या ‘अट्टकत्ती’ या पहिल्याच चित्रपटात रंजितने गाना बालाला गायला लावलं होतं आणि त्या गाण्याला टपोरीपणाच्या बाहेर काढलं होतं. २०१७ मध्ये रंजितच्या नीलम या संस्थेने आणि तेन्मा या संगीतकाराने मिळून एक गट जुळवायला घेतला. तेन्मा ‘कुरंगन’ या स्वतंत्र बँडमधून आलेला, गिटारच्या जगातला माणूस. गटाचं नाव ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’.

नावाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातले तमिळ बौद्ध विचारवंत पंडित अयोत्तिदास (१८४५–१९१४) यांनी आपल्या लोकांसाठी ‘जातिभेद नसलेले द्रविड’ अशी संज्ञा वापरली होती. जातीबाहेर टाकलेले नव्हे, जात न मानणारे. १८९८ मध्ये त्यांनी श्रीलंकेत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. म्हणजे नागपूरच्या अठ्ठावन्न वर्षं आधी. १९०७ मध्ये त्यांनी ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक काढलं, किंमत नावातच. त्याच वर्षी मद्रासच्याच प्रा. लक्ष्मी नरसूंचं बौद्ध धर्मावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, ज्याच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. दादर आणि रायपेट्टै यांच्यातला हा रस्ता आपण मराठी लोकांनी फारसा पायाखाली घातलेला नाही.

६ जानेवारी २०१८ रोजी, शनिवारी संध्याकाळी, किल्पॉकच्या मैदानावर गटाचा पहिला कार्यक्रम झाला. एकोणीस कलावंत, सगळे सुटाबुटात. मी तो नंतर चित्रफितीत पाहिला आणि पहिली काही मिनिटं ऐकलंच नाही, नुसती पाहत राहिले. सूट आणि पराई! पराई म्हणजे आपल्या हलगीची थोरली बहीण. वाजवण्याआधी तिचं कातडंही विस्तवावर शेकून ताठ करावं लागतं. मयताला ती वाजवायची, म्हणून वाजवणाऱ्याला अस्पृश्य ठरवायचं, आणि त्या नावावरून इंग्रजीने ‘परिया’ हा शब्द घेतला. ती पराई ड्रमसेटच्या शेजारी उभी होती आणि वाजवणाऱ्याने टाय बांधला होता. सूट का, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकातल्या पुतळ्याकडे पाहिलं की कळतं. ‘जय भीम अँथेम’ सुरू झालं तेव्हा मला वाक्यं नीट कळत नव्हती, पण ‘जय भीम’ कळण्यासाठी शब्दकोश लागत नाही.

संगीताबद्दल थोडं. गटात विद्युत गिटार आहे, बास आहे, ड्रम आहेत. त्यांच्या बाजूला कट्टा, सट्टी, पराई, तविल. अरिवु रॅप करतो. गाना गाणारे आपल्या वस्तीच्या उच्चारात गातात. इसैवाणी ही बाई गाना गाते, आणि ही पुरुषांची मिरास असल्यामुळे तिला तिथवर यायलाच बराच पल्ला मारावा लागला. २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव आलं. ऐकताना जाणवतं ते असं, की गिटार इथे पाहुणी आहे. ठेका वस्तीचा आहे, तिने त्यावर बसायचं आहे. ‘क्राउन रॉयल’मध्ये रॅपवाले रॉकच्या मापाचे कपडे घालून आले होते. इथे मापं घेणारा शिंपी बदलला आहे. आरक्षणावरचं ‘कोटा साँग’, गोमांसावरचं ‘बीफ साँग’ ही गाणी भाषणं होऊ शकली असती. काही ठिकाणी ती होतातही, हे मान्य करायला हवं. प्रत्येक कडवं सारखं जमलेलं नाही. पण गानाची सवय मयतातही चिमटा काढण्याची असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा भाषणाच्या हातून निसटतात.

मराठी माणसाला यात सत्यशोधक जलसे आठवणारच, आणि त्याहून जवळचे आंबेडकरी जलसे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गौळण-बतावणी बदलली आणि गावोगाव सभा गाजवल्या. आपली दहा भाषणं एका जलशाच्या तोलाची, असं खुद्द बाबासाहेबांनी म्हटल्याचं सांगतात. जलशाने तमाशाचं जे केलं ते कास्टलेसने गानाचं केलं. फरक एवढाच की कर्डकांना पुढे वामनदादांपर्यंत आणि तिथून आजच्या गायकांपर्यंत अखंड साखळी मिळाली. चेन्नईत कडी जोडायला मध्ये गिटार लागली. त्याच वर्षी जूनमध्ये रंजितचा ‘काला’ आला, धारावीतल्या तिरुनेलवेलीकरांची गोष्ट सांगणारा. त्यात धारावीच्याच ‘डोपॲडेलिक्स’ या गटाचा रॅप आहे. ती पोरं हिंदी, मराठी, तमिळ अशा सगळ्या भाषांत रॅप करतात, तेही एकाच दमात. आम्ही भाषांतरकार जिथे ठेचकाळतो तिथे ती उडी मारतात.

आता मळा. मार्च २०२१ मध्ये ‘एंजॉय एन्जामी’ आलं: गायिका धी, अरिवु, संगीत संतोष नारायणन. अरिवुची आजी वळ्ळियम्मा श्रीलंकेच्या चहामळ्यात राबली होती आणि पुढे भारतात परतली. गाण्याच्या मुळाशी तिची कहाणी आहे. गाणं जगभर गेलं. मला एका मासिकासाठी त्यावर लिहायचं होतं, आणि मी पहिल्याच शब्दावर अडकले. एन्जामी म्हणजे ‘एन सामी’, माझा स्वामी. मजूर मालकाला म्हणायचा. ‘धनी’ लिहिलं तर मराठीत नवरा डोकावतो. ‘मायबाप’ जवळचा, पण त्यात याचना फार. ‘जोहार’ घ्यावा तर चोखोबा येऊन उभे राहतात, आणि तो संबोधनाचा नव्हे, नमस्काराचा शब्द. शिवाय अरिवुने तो शब्द मालकाकडून काढून घेऊन आजीने नातवाला घातलेल्या लाडक्या हाकेसारखा वापरला आहे. गुलामीचा शब्द असा कुशीवर वळवणं मला मराठीत जमलं नाही. लेखात मी ‘एन्जामी’च ठेवलं आणि ‘पट्टी रॅप’वाल्यांची मनोमन माफी मागितली.

ऑगस्ट २०२१ मध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट द पॉल झळकले. अरिवु नव्हता. रंजितने जाहीरपणे आक्षेप घेतला. पुढे मासिकाने अरिवुचंही मुखपृष्ठ केलं. जुलै २०२२ मध्ये चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला हे गाणं सादर झालं तेव्हाही तो मंचावर नव्हता. हे गाणं आपण रचलं, लिहिलं, गायलं असं त्याने लिहिलं. संतोष नारायणन यांनी चाल आणि निर्मिती आपली, शब्द अरिवुचे, असं सविस्तर मांडलं. स्टुडिओच्या बंद दारामागचा हिशेब मला बाहेरून मांडता येणार नाही. पण मुखपृष्ठ दाराबाहेर असतं. माझ्या एका अनुवादित कादंबरीवर प्रकाशकाने माझं नाव आतल्या चौथ्या पानावर, कागदाच्या वजनाच्या वर छापलं होतं. विचारलं तर म्हणाले, जागा नव्हती. मी गप्प बसले. मला आजी आठवायची नव्हती, मळा आठवायचा नव्हता, फक्त थोडा अपमान गिळायचा होता. अरिवुच्या बाबतीत पुसलं गेलेलं नाव एकट्याचं नव्हतं.

डिसेंबर २०२० पासून नीलमने ‘मार्गळीयिल मक्कळिसै’ हा उत्सव सुरू केला आहे: मार्गशीर्षातलं जनसंगीत. मार्गळी म्हणजे चेन्नईच्या कर्नाटक संगीताचा मोसम. सभागृहांत मैफली, रेशमी साड्या, उपाहारगृहातली फिल्टर कॉफी. मी दोन्हीकडे जाते. एकीकडे श्रोते मांडीवर ताल धरतात, दुसरीकडे उभे राहून. घरी परतताना कान दोन्हीकडचे भरलेले असतात, पाय मात्र दुसऱ्याच ठिकाणी दुखतात.

आणि २०२४ मध्ये अरिवु स्वतःचा अल्बम घेऊन परतला. गाणी ऐकण्याआधी मी नाव वाचलं आणि तिथेच थांबले. ‘वळ्ळियम्मा पेराण्डी’. पेराण्डी म्हणजे नातू. वळ्ळियम्माचा नातू. मुखपृष्ठावर यावेळी आधी आजीचं नाव आहे, मग त्याचं नातं. हे तरी मराठीत सरळ येतं.